रिकाम्या सॉकेटमधली मराठी

डोळखांबच्या बाजारात किराणा घेऊन मोबाइलवरून पैसे भरले, की गल्ल्याशेजारची डबी रक्कम मोठ्याने सांगते. आसनगाव स्थानकात गाडीची घोषणा होते तीही सुट्या तुकड्यांची जोडणीच असते: गाडीचे नाव, फलाटाचा क्रमांक, उशिराची मिनिटे. यंत्र मराठीत बोलते याचे शहापूर-मुरबाडच्या माणसाला आता अप्रूप उरलेले नाही. मात्र ते शब्द यंत्रात नेमके कुठे असतात, तिथे ते कुणी ठेवले, ते काढून आपले ठेवता येतील का, हे सहसा कुणी विचारत नाही. प्रस्तुत पुस्तक याच प्रश्नांना भिडते आणि त्यासाठी एक आडवाट धरते. सत्तर-ऐंशीच्या दशकांत बोलणाऱ्या चिपना शब्द पुरवणारी मेमरी चिप कशी चाले आणि आजच्या काहीशे रुपयांच्या मायक्रोकंट्रोलरवर तिची हुबेहूब नक्कल, म्हणजे इम्युलेशन, कशी करायची, हा त्याचा विषय. विषय हौशी मंडळींच्या कोपऱ्यातला वाटेल. पण त्या कोपऱ्यातून एक गोष्ट स्वच्छ दिसते, जी आजच्या गुळगुळीत फोनमधून दिसत नाही: बोलणाऱ्या यंत्राची भाषा आवाज काढणाऱ्या चिपमध्ये राहत नाही, मेमरीत राहते. ज्याला मेमरी लिहिता आली त्याची बोली यंत्रात गेली; बाकीच्यांच्या वाट्याला ऐकणे आले.

या क्षेत्राची पहिली मोठी खूण म्हणजे १९७८ साली अमेरिकेत टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने बाजारात आणलेले ‘स्पीक अँड स्पेल’ हे खेळणे. पॉल ब्रीडलव्ह यांची कल्पना आणि जीन फ्रँट्झ, रिचर्ड विगिन्स, लॅरी ब्रँटिंगहॅम यांची साथ, अशा चौघांच्या कामातून ते उभे राहिले. यंत्र मुलाला शब्द ऐकवी, मूल कळफलकावर स्पेलिंग टाकी, यंत्र चूक की बरोबर ते सांगे. आत कॅसेट नव्हती, फिरणारा एकही भाग नव्हता. एक चिप मानवी स्वरमार्गाचे गणिती प्रतिरूप होती आणि तिच्याशेजारी प्रत्येकी १२८ किलोबिटच्या दोन रॉम चिप शब्दांचा साठा सांभाळत. या रॉमच्या कुळातली पुढे सर्वत्र वापरली गेलेली चिप म्हणजे टीएमएस ६१००. आवाजाच्या चिपचे कौतुक तेव्हाही झाले आणि आजही होते. रॉमकडे मात्र गोदाम म्हणून पाहिले गेले. खरे तर यंत्र इंग्रजी बोलत होते ते फक्त या गोदामामुळे. आवाजाच्या चिपला इंग्रजी येत नव्हते, कुठलीच भाषा येत नव्हती.

हे कसे, ते समजण्यासाठी रेषीय भाकिताच्या, म्हणजे एलपीसीच्या पद्धतीत थोडे शिरावे लागते. माणूस बोलतो तेव्हा स्वरतंतूंचे कंपन किंवा हवेची फुसफुस हा मूळ नाद असतो, आणि घसा, जीभ, ओठ यांची पोकळी त्याला आकार देते. पोकळीचा आकार दर क्षणी बदलतो, पण फार झपाट्याने नाही. मग प्रत्येक क्षणाचा पूर्ण ध्वनी साठवण्याऐवजी पोकळीचे वर्णन करणारे मोजके आकडे साठवले तर? साठच्या दशकात जपानमध्ये फुमितादा इताकुरा आणि अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत बिष्णू अटल यांनी स्वतंत्रपणे ही दिशा धरली. अटल कानपूरचे, लखनौ आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था येथे शिकून ते पुढे अमेरिकेला गेले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपमध्ये या कल्पनेचे अगदी काटकसरी रूप आहे. टीएमएस ५२२० या चिपसाठी बोलणे २५ मिलिसेकंदांच्या चौकटींत तोडले जाते. घोष ध्वनीच्या पूर्ण चौकटीला ५० बिट लागतात: ४ ऊर्जेसाठी, १ ‘मागचेच पुन्हा’ सांगण्यासाठी, ६ पट्टीसाठी आणि उरलेले ३९ स्वरमार्गाच्या दहा सहगुणकांसाठी. अघोष ध्वनीला चारच सहगुणक पुरतात, म्हणून २९ बिट. मागची चौकट पुन्हा वापरायची असेल तर ११, आणि शांततेला अवघे ४. सरासरीने सेकंदाला सुमारे १,२०० बिटांत बोलणे भागते. टेलिफोनचा डिजिटल आवाज सेकंदाला ६४,००० बिट खातो. १२८ किलोबिटच्या एका रॉममध्ये म्हणजे १,३१,०७२ बिट, आणि त्यात मावते सुमारे १०९ सेकंदांचे बोलणे. त्या काळच्या सिलिकॉनच्या किमतीत ही चैन नव्हती, जेमतेम परवडणारी सोय होती.

त्याच सुमारास बोलणाऱ्या चिपचे दुसरे पंथही होते, आणि मराठीच्या दृष्टीने त्यांच्यातला फरक महत्त्वाचा आहे. व्होट्रॅक्सची एससी-०१ आणि जनरल इन्स्ट्रुमेंटची एसपी ०२५६-एएल२ या चिपनी शब्द साठवण्याचे ओझेच टाळले. त्यांच्या पोटात भाषेचे ध्वनी घट्ट कोरलेले होते. एसपी ०२५६-एएल२ मध्ये इंग्रजीचे ५९ ध्वनी आणि ५ विराम. ध्वनींचे क्रमांक ओळीने पाठवले की चिप हवा तो शब्द उच्चारी, त्यामुळे शब्दसंग्रहाला मर्यादा नव्हती. ही पद्धत वरकरणी जास्त मोकळी वाटते. मराठी माणसाने ती वापरून पाहिली की कुंपण लागते. ळ नाही. ण नाही. मराठीचे मूर्धन्य ट आणि ड नाहीत, महाप्राणांची स्वतंत्र सोय नाही. ‘डोळखांब’ हे गावाचे नाव अशा चिपकडून वदवायचे तर सुरुवातीच्या ‘ड’पासूनच तडजोड सुरू होते. नॅशनल सेमिकंडक्टरच्या ‘डिजिटॉकर’ने तिसरी वाट घेतली: फॉरेस्ट मोझर यांच्या पद्धतीने मूळ ध्वनिलहरच छाटून, आवळून साठवायची. याच मोझर-पद्धतीवर १९७६ साली अंधांसाठी ‘स्पीच प्लस’ हा २४ शब्द बोलणारा गणकयंत्राचा संच निघाला होता. ‘स्पीक अँड स्पेल’च्या दोन वर्षे आधी निघालेला हा संच खेळण्यांच्या गर्दीत विसरला जातो. नव्वदच्या दशकात आलेल्या आयएसडी आणि पुढे एपीआर ९६०० सारख्या ध्वनिमुद्रण चिप आपल्याकडच्या डिप्लोमा आणि इंजिनिअरिंगच्या प्रकल्पांत इतक्या वापरल्या गेल्या, की ‘बोलणारे सर्किट’ म्हणजे तीच असा समज झाला. त्यांत बोलायचे आणि ऐकायचे, एवढेच. आत काय चालले आहे ते पाहायला झरोका नाही.

ध्वनी कोरलेल्या चिपने भाषा कारखान्यातच ठरवून टाकली. एलपीसीच्या पंथात मात्र आवाजाची चिप भाषेबाबत कोरी राहिली, आणि भाषा बाहेरच्या, बदलता येणाऱ्या मेमरीत गेली. बदलता येणाऱ्या, पण कुणाला? टीएमएस ६१०० मधली माहिती कारखान्यात चिप घडवतानाच मुखवट्याने उमटवली जाई. मोठी मागणी असेल तरच कंपनी नवी रॉम बनवणार. मराठीसाठी अशी मागणी नोंदवणारे कोणी नव्हते. तांत्रिकदृष्ट्या दार उघडे होते आणि व्यवहारात त्याला कुलूप होते.

भारताशी या कुलपाचा संबंध दूरान्वयाचा नाही. केंद्र सरकारने १९८४ साली शाळांत संगणक साक्षरतेचा ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, तेव्हा देशातल्या सुमारे अडीचशे शाळांपासून आरंभ झाला आणि यंत्र निवडले गेले ते ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचे बीबीसी मायक्रो. पुढे सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स या सरकारी कंपनीने त्याची ‘युनिकॉर्न’ नावाची देशी आवृत्तीही काढली. बीबीसी मायक्रोच्या मुख्य पट्टीवर दोन जागा बोलण्यासाठी राखून ठेवलेल्या होत्या: एक टीएमएस ५२२० साठी, एक टीएमएस ६१०० साठी. एकॉर्नने १९८३ मध्ये या जागा भरणारा संच विकायला काढला. त्यातल्या रॉममध्ये आवाज होता बीबीसीचे वृत्तनिवेदक केनेथ केंडल यांचा, तोलून-मापून बोलल्या जाणाऱ्या ब्रिटिश इंग्रजीचा. तेव्हा भारतीय शाळांत आलेले यंत्र बोलण्याच्या तयारीने आले होते, आणि ते बोललेच असते तर लंडनच्या निवेदकाच्या आवाजात इंग्रजी बोलले असते. दोष एकॉर्नला देण्यासारखा नाही. त्यांनी आपल्या गिऱ्हाइकांसाठी शब्द निवडले. लक्षात घ्यायचे ते एवढेच की मराठीला अडसर आवाजाच्या चिपचा नव्हता. त्या दुसऱ्या सॉकेटमध्ये काय बसवायचे ते ठरवण्याचा अधिकार आपल्याकडे नव्हता. आज तो आहे.

समजा, तेव्हा मराठी रॉम करायचीच होती, तर काय लागले असते? हा हिशेब करून पाहण्याजोगा आहे, कारण त्यात भाषेची घडण थेट बिटांत उतरते. बोलणाऱ्या कुठल्याही उपयोगी यंत्राला आकडे लागतात. इंग्रजीत शून्य ते नव्याण्णव म्हणायला २८ शब्द पुरतात: शून्य ते एकोणीस असे वीस आणि दशकांचे आठ. मराठीत शंभर लागतात. दोनाचा अंश बत्तीसमध्ये एक रूप घेतो, बेचाळीसमध्ये दुसरे; बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव असे तो रूप बदलत जातो, आणि एकोणपन्नासमध्ये तर नऊ शोधूनही सापडत नाही. एका शब्दाला सरासरी सहा दशांश सेकंद धरला तर ७२० बिट होतात. शंभर शब्दांना ७२,०००. इंग्रजीचे काम २०,१६० मध्ये होते. मराठीचे आकडेच अर्ध्याहून अधिक रॉम खातात. उरलेल्या ५९,००० बिटांत त्याच मापाचे ऐंशीएक शब्द बसतात, आणि त्यांतले काही शे, हजार, सव्वा, साडे, पावणे, दीड, अडीच यांना द्यावेच लागतात, कारण एसटीची वेळ सांगताना ‘सात वाजून तीस मिनिटे’ असे इथे कोणी म्हणत नाही. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणितात ‘साठ तीन’, ‘पन्नास दोन’ अशी वाचनपद्धत आणली आणि मोठा वाद झाला. गणितज्ञ मंगला नारळीकर यांनी त्या पद्धतीची बाजू मुलांच्या आकलनाच्या आधारे मांडली होती. गंमत अशी की ती पद्धत घेतली तर मराठी रॉमलाही बरोबर २८ शब्दच लागतात. वर्गातला युक्तिवाद कसाही असो, यंत्रासाठी माझा कौल शंभर शब्दांच्या बाजूने आहे. मेमरी महाग होती तेव्हा भाषेने यंत्रासाठी आखडून घेण्याला काही अर्थ होता. आज दुकानदार ‘त्रेसष्ट’ म्हणतो तर यंत्रानेही त्रेसष्टच म्हणावे.

आता या क्षेत्राचा आजचा नकाशा. जुन्या बोलक्या चिपची नक्कल करणाऱ्यांत ढोबळमानाने तीन वृत्तीची माणसे दिसतात. पहिली जतन करणारी. त्यांनी रॉममधली माहिती बाहेर काढली, काही चिपची वेष्टने आम्लाने काढून आतल्या रचनेची सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेतली आणि सहगुणकांची कोष्टके थेट सिलिकॉनवरून वाचली. ‘मेम’ या प्रकल्पात या चिपची सॉफ्टवेअर-प्रतिरूपे आहेत ती अशा कष्टांमुळेच इतकी काटेकोर आहेत. दुसरी दुरुस्तीवाली. जुन्या यंत्रातली रॉम मेली किंवा मुळातच बसवलेली नव्हती, तर तिच्या जागी मायक्रोकंट्रोलर बसवायचा आणि मूळ आवाजाच्या चिपला पत्ता लागू द्यायचा नाही. बीबीसी मायक्रो जपणाऱ्या हौशी मंडळींनी हे एव्हीआर कुळातल्या स्वस्त चिपवर करून दाखवले आहे. तिसरी नवे बोल घडवणारी. ‘टॉकी’ या आर्डुइनोच्या लायब्ररीने आवाजाची चिपच सॉफ्टवेअरमध्ये उतरवली, आणि ‘ब्लूविझार्ड’सारख्या साधनांनी कुणाही माणसाच्या ध्वनिमुद्रणातून त्या ५० बिटांच्या चौकटी काढून देणे घरच्या संगणकावर आणले. पूर्वी हे कोडिंग कंपनीच्या प्रयोगशाळेतच होई. या तिसऱ्या गटाकडे जगात सर्वांत कमी लक्ष गेले आहे, कारण बहुतेक हौशी मंडळी इंग्रजीभाषक आहेत आणि त्यांना हवे ते शब्द जुन्या रॉममध्ये आधीच आहेत. आपल्याला नाहीत. म्हणून आपल्यासाठी तिसरी वाट मुख्य, आणि पहिल्या दोन तिच्यापर्यंत नेणाऱ्या.

नक्कल मेमरीचीच का करायची, हे तिचा व्यवहार पाहिला की उमगते. टीएमएस ६१०० ही साधी रॉम नाही. तिला पूर्ण पत्ता एका दमात दिला जात नाही. चार तारांवरून चार-चार बिटांचे पाच तुकडे येतात. त्या वीस बिटांतले चौदा चिपच्या आतली जागा सांगतात, चार ‘कितवी चिप’ ते सांगतात आणि दोन वाया जातात. एका नियंत्रण-तारेवरचा ठोका ‘पत्त्याचा तुकडा घे’ म्हणतो, दुसरीवरचा ‘एक बिट दे’. पत्ता दिल्यानंतरचे पहिले वाचन फुकट असते, ते सोडून द्यावे लागते. हे माहीत नसलेल्याची सगळी वाक्ये एका बिटाने सरकतात आणि यंत्र नुसते खरखरते. आवाजाची चिप रॉमला पुरवते ते घड्याळ १६० किलोहर्ट्झचे. १६ मेगाहर्ट्झच्या एव्हीआरला प्रत्येक ठोक्यामागे शंभर चक्रे मिळतात. तेवढ्यात तार पाहायची, समजून घ्यायची, उत्तर ठेवायचे. जमते, पण शिस्तीने लिहावे लागते. २०२१ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिकोने हा ताण कमी केला. तिच्यात तारांवर पाळत ठेवण्यासाठी मुख्य प्रोसेसरपासून वेगळी छोटी यंत्रणा आहे आणि २६४ किलोबाइटची रॅम आहे. एका रॉमचे १६ किलोबाइट. चार बिटांनी निवडता येणाऱ्या सोळाच्या सोळा रॉमचे २५६. म्हणजे मूळ रचनेने कल्पिलेले संपूर्ण शब्दभांडार, सुमारे २९ मिनिटांचे बोलणे, एका बोटभर पट्टीत राहते. जुनी चिप पी-मॉस जातीची, तिला ऋण दाबही लागतो आणि पिकोच्या सिग्नल-पिनांना ३.३ व्होल्टच्या वर काही सोसत नाही. मध्ये पातळी-बदल करणारे सर्किट न लावता जोडणाऱ्याची पिको पहिल्याच दिवशी जाते.

यावर सर्वांत सरळ आक्षेप असा: एवढा खटाटोप कशाला? शे-दोनशे रुपयांत मेमरी कार्डावरचे एमपी-३ वाजवणारे मॉड्यूल मिळते, फोन तर कुठलाही मराठी मजकूर वाचून दाखवतो. आक्षेप बरोबर आहे, आणि ज्याला फक्त बोलणारी वस्तू हवी त्याने तेच मॉड्यूल घ्यावे. मजकूर वाचून घ्यायचा असेल तर फोन किंवा ‘ईस्पीक’ हे सॉफ्टवेअर उत्तम. ईस्पीकचा जन्मही १९९५ मध्ये एकॉर्नच्याच संगणकावर झाला, आज ते मराठी वाचते आणि अंध वाचकांना पडद्यावरचा मजकूर ऐकवणाऱ्या ‘एनव्हीडीए’सोबत हजारो संगणकांत काम करते. पण एमपी-३ च्या फाइलमध्ये डोकावून ‘इथे ळ संपला आणि ख सुरू झाला’ असे बोट ठेवता येत नाही. एलपीसीच्या चौकटींत ठेवता येते. पट्टीचे सहा बिट शून्य केले की स्वर कुजबुज होतो. ऊर्जेचे चार बिट बदलले की आघात सरकतो. घोष आणि अघोष हा भेद आपण शाळेत व्याकरणात पाठ करतो. इथे तो एका संख्येत दिसतो आणि बदलून ऐकता येतो. भाषा आणि इलेक्ट्रॉनिक्स एकाच टेबलावर शिकवणारे इतके स्वस्त साधन दुसरे मला दिसत नाही. २०१६ पासून शाळांत उभ्या राहिलेल्या अटल टिंकरिंग लॅबमध्ये आर्डुइनो आहेत, सेन्सर आहेत. दिवे लुकलुकवण्यापलीकडे त्यांना करण्याजोगे मराठी काम देणे हा या पुस्तकाचा एक हेतू आहे.

दुसरा आक्षेप जास्त जाणकार आहे: ही पद्धत इंग्रजीवर घडली, मराठीला ती पुरी पडणार नाही. इथे बाजू मांडताना वकिली करून चालणार नाही, कारण तो बराचसा खरा आहे. चिपच्या लेखी ध्वनी एक तर घोष असतो किंवा अघोष. घ, ध, भ हे घोष महाप्राण दोन्ही असतात: स्वरतंतू कंपतात आणि सोबत श्वासही सुटतो. म्ह, न्ह यांचे तेच. फिल्टर केवळ अनुनादाची शिखरे जाणतो, दऱ्या जाणत नाही. अनुनासिकांची ओळख दऱ्यांत असते, म्हणून ‘खांब’मधला अनुस्वार पिचकतो. ट किंवा क यांचा स्फोट काही मिलिसेकंदांचा, चौकट २५ ची, तो विरघळतो. नमुने सेकंदाला ८,००० घेतल्यामुळे ४ किलोहर्ट्झच्या वरचे सारे कापले जाते, आणि ‘स’ची धार बरीचशी तिथेच असते. ‘चार’ आणि ‘चारा’ यांतला च वेगळा, हेही त्यामुळे अंधूक होते. जमेच्या बाजूला मूर्धन्य आहेत. जीभ मागे वळली की तिसरा अनुनाद खाली येतो, आणि दहा सहगुणकांना तो नीट पकडता येतो. ल आणि ळ यांत घोटाळा होत नाही. ख चा श्वास तीन-चार चौकटी टिकतो, तोही येतो. तेव्हा यंत्राच्या तोंडचे ‘डोळखांब’ थोडे घोगरे, शेवटी दबके, तरी ओळखू येणारे असते. भ साठी घोष आणि अघोष चौकटी आलटून-पालटून ठेवण्यासारख्या युक्त्या आहेत, पुस्तकात त्या मोकळेपणाने आणि त्यांच्या अपयशासह दिल्या आहेत. भाषा कुठे यंत्रात मावत नाही हे कळणे हाही भाषेचा अभ्यासच आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत टिफ्रॅक संगणकाच्या काळापासून असलेले पी. व्ही. एस. राव पुढे वाणी-संशोधनाकडे वळले आणि तिथे भारतीय भाषांचे ध्वनी नियमांनी घडवण्याचे काम झाले, ते याच अडचणींशी झुंजत. संशोधकांचे ते ज्ञान इंग्रजी निबंधांत राहिले. हौशी मराठी वाचकापर्यंत ते या निमित्ताने थोडे तरी यावे.

तिसरा प्रश्न कायद्याचा. आपल्याकडच्या २००० सालच्या कायद्याने चिपच्या आराखड्याला दहा वर्षांचे संरक्षण मिळते. १९७८ ची चिप त्या हिशेबाने केव्हाच मोकळी आहे, शिवाय नक्कल आराखड्याची होत नाही, वागणुकीची होते. रॉममधला आवाज मात्र वेगळा. तो ध्वनिमुद्रण मानला तर प्रकाशनापासून साठ वर्षे हक्क राहतो, म्हणजे १९८३ चा केंडल यांचा आवाज २०४३ अखेरपर्यंत. म्हणून जुन्या रॉमची प्रत या पुस्तकासोबत दिलेली नाही, आणि ती वाचकांनी एकमेकांना वाटत बसू नये. तिची गरजही नाही. आपण इथे आलो ते आपले शब्द भरण्यासाठी.

आपले म्हणजे कुणाचे, हा प्रश्न डोळखांबमध्ये विचारला की उत्तर एका शब्दात मिळत नाही. शहापूर-मुरबाडच्या पट्ट्यात कुणबी, आगरी, महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाज राहतात आणि बाजारात एकमेकांशी बोलताना जी मराठी वापरतात तिच्याखेरीज घरी बोलल्या जाणाऱ्या ठाकरी, कातकरी बोली आहेत. मोठ्या कंपनीला मराठीचा एक प्रमाण आवाज पुरतो. बोलीसाठी हजारो तासांचे ध्वनिमुद्रण ती जमवणार नाही. ठरावीक शब्दांच्या मेमरीला मात्र दोनशे शब्द पुरतात आणि ते एका दुपारी मुद्रित होतात. एसटीची वेळ, धान्याचे वजन, लसीकरणाचा दिवस, हातातले घड्याळ ज्याला दिसत नाही त्याच्यासाठी तास आणि मिनिटे: यांतले काहीही अमर्याद शब्दसंग्रह मागत नाही. नेटवर्कही मागत नाही, आणि आजोबा डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यांत ही बाब बारीक नाही. बोली जतन करायला हा मार्ग पुरेसा आहे असा दावा मी करणार नाही. दोनशे शब्द म्हणजे भाषा नव्हे, आणि आठ किलोहर्ट्झवर घासलेला आवाज हा बोलीचा दस्तऐवजही नव्हे. मूळ ध्वनिमुद्रण पूर्ण गुणवत्तेत वेगळे जपावेच लागेल. ज्याचा आवाज घेतला त्याची परवानगी, तो आवाज कुठे वाजणार याची त्याला कल्पना, आणि नको म्हटले तर पुसून टाकण्याची तयारी, या अटी तांत्रिक पायऱ्यांइतक्याच सक्तीच्या मानाव्यात. मेमरी लिहिणे सोपे झाले, की दुसऱ्याचे शब्द परस्पर लिहिणेही सोपे होते.

पुस्तकाला पूर्वज्ञानाची अपेक्षा बेताची आहे. सोल्डरिंग, मल्टिमीटर आणि आर्डुइनोचा एखादा प्रोग्रॅम, एवढे येत असेल तर पुरे. ज्याच्याकडे जुनी टीएमएस ५२२० नाही त्याने आवाजाची चिपही सॉफ्टवेअरमध्ये चालवावी. खऱ्या चिपची हौस नंतर. भाषेच्या विद्यार्थ्याने सर्किटची पाने ओलांडून थेट चौकटींकडे गेले तरी हरकत नाही. आकड्यांपासून सुरुवात करावी, एक ते शंभर, आपल्याच घरातल्या आवाजात.

शेवटी एक सूचना. एखाद्या शाळेच्या कपाटात बीबीसी मायक्रो किंवा युनिकॉर्न अजून पडून असेल, तर तो भंगारात देऊ नका आणि थेट चालूही करू नका. त्याच्या वीजपुरवठ्यातले चाळीस वर्षांचे कपॅसिटर तडकून धूर काढतात. आधी ते बदलून घ्या, मगच झाकण उघडून ती दोन सॉकेट शोधा.